टॅरोची पानं वाचनाआधी पिसायची कशी? पद्धती, चुका आणि आपल्याकडचा उन्हाळा

तापीकाठ (जळगाव):
नमस्कार मंडळी. टॅरो, म्हणजे भविष्य वाचायला वापरतात तो ७८ चित्रपानांचा कॅट, नव्याने हातात घेणाऱ्यांचे प्रश्न इथे सारखे येतात. किती वेळा पिसायचं? पान खाली पडलं तर काय? उलटी (चित्राचं डोकं खाली असलेली) पानं येतच नाहीत, नाहीतर सगळीच उलटी येतात, ते का? उत्तरं दहा धाग्यांत विखुरली आहेत, म्हणून पिसण्यापुरता हा वेगळा धागा. टॅरो खरं की थोतांड हा विषय इथे नको. त्यासाठी दुसरा धागा आहे आणि तिथे भांडायला मुबलक जागा आहे.

सुरुवात करते. पिसण्यात तीन कामं दडलेली असतात. पहिलं, आधीचा क्रम मोडणं, म्हणजे शेजारी असलेली पानं एकमेकांपासून तोडणं. दुसरं, उलटी-सुलटी पानं मिसळणं (उलटी वाचत असाल तरच). तिसरं, कॅट कुठून उघडायचा ते ठरवणं, म्हणजे काटणं. नवीन माणूस एकाच तऱ्हेने पाच मिनिटं पिसत बसतो आणि तिन्ही कामं उरकली असं समजतो. तसं होत नाही.

हातावर पिसणंच घ्या. एका हातात कॅट धरून दुसऱ्या तळहातावर थोडी थोडी पानं सोडायची, जसं घरात रमी किंवा मेंढीकोटला करतात. ७८ पानांच्या कॅटमध्ये ७७ सांधे (शेजारच्या दोन पानांचे जोड) असतात. एका फेरीत आठ-दहा गठ्ठे पडले तर त्यातले सात ते नऊ तुटले. बाकीचे अडुसष्ट-सत्तर जसेच्या तसे. वर गंमत अशी की, वरचा गठ्ठा पहिल्या फेरीत तळाला जातो आणि दुसऱ्या फेरीत पुन्हा वर येतो. मागच्या वाचनाची पानं गोळा करून कॅटच्या डोक्यावर ठेवली, दोन फेऱ्या मारल्या आणि मांडायला घेतलं, की तीच पानं हजर. मग "पानं माझा पिच्छा सोडत नाहीत" अशी पोस्ट पडते. वाचन संपलं की वापरलेली पानं एकेक करून कॅटमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी खुपसा, अर्धा त्रास तिथेच संपतो.

एकट्याने रोज वाचणाऱ्यासाठी माझा क्रम असा: पानं मोजायची, कापडावर पसरून एक मिनिट घुसळायची, गोळा करून चार-पाच रिफल (कॅटचे दोन भाग एकमेकांत गुंफणं), शेवटी एकदा काटायचं. रिफल जमत नसेल तर घुसळणं दोनदा. आता जाणकारांनी भर घाला.

भुसावळ जंक्शन:
तापीकाठ ताई, रिफलचा हिशेब मी देतो. रिफल म्हणजे कॅटचे दोन भाग करून अंगठ्यांनी पानं सोडत एकमेकांत गुंफणं. डेव्ह बायर आणि पर्सी डायाकोनिस या गणितज्ञांनी १९९२ साली ५२ पानांसाठी सात रिफलचा निष्कर्ष मांडला, तो बऱ्याच जणांना ऐकून माहीत आहे. टॅरोवाले तोच सात धरून बसतात. त्याच सूत्रात ७८ टाकलं की आठ येतात. सात केले तर आभाळ कोसळत नाही, पण तीन-चार खरंच कमी आहेत.

कारण समजून घ्या. पानांना मनातल्या मनात १ ते ७८ क्रमांक द्या. पिसलेल्या कॅटमध्ये वरून खाली जात १ शोधा, त्याच्या खाली २, त्याच्या खाली ३. जिथे पुढचं पान खाली सापडत नाही आणि परत वरून सुरू करावं लागतं, तिथे एक साखळी संपली. नव्या कॅटमध्ये एकच साखळी असते. एका रिफलने जास्तीत जास्त दोन होतात, दुसऱ्याने चार, मग आठ, सोळा, बत्तीस. नीट मिसळलेल्या ७८ पानांत सरासरी साडेएकोणचाळीस साखळ्या असतात. म्हणजे पाच रिफलनंतरही कॅट त्या सरासरीला पोचूच शकत नाही, हात कितीही सफाईदार असो. ताईंच्या क्रमात चार-पाच चालतात ते आधी एक मिनिट घुसळलेलं आहे म्हणून. नुसतंच रिफल करणाराने आठ धरावेत.

हातावर पिसण्याचं गणित रॉबिन पेमँटल यांनी १९८९ मध्ये मांडलं. तिथे लागणाऱ्या फेऱ्या पानांच्या संख्येच्या वर्गाच्या घरात जातात. ७८ चा वर्ग ६,०८४. करा मग रात्रभर.

आणखी एक. जादूगार करतात तशी एकाआड एक अचूक गुंफण जमत असेल तर कौतुक आहे, पण वाचनासाठी ती निरुपयोगी. ३९-३९ चे दोन भाग करून वरचं पान वरच ठेवत अचूक गुंफत राहिलं, तर तिसाव्या वेळी कॅट मूळ क्रमावर परत येतो. रिफल थोडा गबाळाच हवा. कुठे एक पान सुटतं, कुठे तीन एकदम, मिसळणं त्या अनियमिततेतूनच होतं.

केळीचं पान (सावदा):
रिफल करायला जावं तर कॅट हातातून फुटतो आणि पानं पलंगाखाली. हात लहान आहेत. शिवाय पानांच्या कोपऱ्यांना मध्येच घडी पडते. काही उपाय?

अमळनेरकर:
केळीचं पान ताई, दोष हाताचा नाही, मापाचा आहे. आखाजीला पत्त्यांवर बसणाऱ्या खान्देशी माणसाला पिसणं काय शिकवायचं, पण तो हात ५२ पानांचा असतो. रमीचं पान साधारण ५७ ते ६३ मिलिमीटर रुंद आणि ८८-८९ लांब. टॅरोचं नेहमीचं पान ७० बाय १२०. त्यात पानं दीडपट. पूर्ण कॅटची जाडी इंचभर किंवा थोडी जास्तच भरते. रमीसारखं आखूड बाजूने वाकवायला गेलं की अंगठा आणि करंगळी पुरत नाहीत, मग जोर लावला जातो आणि पान मधोमध मोडतं.

लांब बाजूने करा. दोन्ही भाग टेबलावर कापड घालून आडवे ठेवा, लांब कडा समोरासमोर. बोटं पलीकडच्या कडेला टेकलेली, अंगठ्यांनी फक्त जवळचे आतले कोपरे उचलायचे, तेही बोटाच्या जाडीएवढेच. पानं सोडताना कोपरे अर्धा-पाऊण सेंटिमीटर एकमेकांत गेले की पुरे. मग दोन्ही भाग सरकवून आत ढकलायचे. पूल करून पानं सळसळत पाडणं हे दिसायला छान, पण मिसळण्यात त्याने काडीचा फरक पडत नाही. पानं मात्र वाकतात.

तरी जाडी झेपत नसेल तर कॅटचे ३९-३९ असे दोन गठ्ठे करा. प्रत्येक वेगळा तीनदा पिसा. मग पहिल्याचा वरचा अर्धा भाग दुसऱ्याच्या वरच्या अर्ध्याशी बदला आणि दोन्ही पुन्हा तीनदा पिसा. नंतर पहिल्याचा वरचा अर्धा दुसऱ्याच्या खालच्या अर्ध्याशी बदला आणि परत पिसा. मधली अदलाबदल विसरलात तर डावीकडची ३९ कायम डावीकडेच राहतात. मेजर अर्कानाची, म्हणजे टॅरोतल्या मुख्य चित्रांची, २२ पानं एकाच गठ्ठ्यात अडकून बसतात, ती याच चुकीमुळे.

दुसरा मार्ग म्हणजे दोन गठ्ठ्यांची टोकं एकमेकांत हलकेच खुपसणं. एक गठ्ठा उभा धरायचा, दुसरा त्याच्या कडेवर तिरका टेकवून थोडं डोलवत खाली दाबायचं. पानं आपोआप एकमेकांत शिरतात. मऊ कागदाच्या पानांना हे चालतं. ज्यांच्या कडांना सोनेरी मुलामा आहे त्यांना नको, मुलामा खरवडून निघतो.

नवापूर पॅसेंजर:
भो, पयले पत्ता मोजी ल्या, मंग पिसा. ७७ पत्ता पिसीसन काय फायदा?

तापीकाठ:
नवापूर दादा लाख बोलले. आणि ७९-८० सुद्धा नकोत. बऱ्याच कॅटमध्ये जाहिरातीचं किंवा कोरं पान जादा असतं, ते आधी काढून ठेवा. थॉथ नावाच्या टॅरो कॅटच्या काही आवृत्त्यांत मॅगसची (जादूगाराच्या पानाची) तीन चित्रं येतात, म्हणून पानं ८० भरतात. एक निवडा आणि दोन डबीत ठेवा. तिन्ही ठेवली तर मॅगस निघण्याची शक्यता तिप्पट होते आणि उगाच प्रत्येक वाचनात तोच डोकावतो.

लळिंगवारा (धुळे):
उलट्या पानांवर कोणी नीट बोललं नाही, तिथेच सगळ्यात जास्त गोंधळ आहे.

हातावर पिसा किंवा रिफल करा, पानाची दिशा आपोआप बदलत नाही. सगळी सुलटी घेऊन सुरुवात केली तर शंभर रिफलनंतरही सगळी सुलटीच. उलटी हवी असतील तर एक भाग अर्धा फेरा फिरवून मग गुंफायला हवा. कॅट साधारण निम्म्यावर तोडा, वरचा भाग जमिनीशी समांतर ठेवूनच फिरवा, गुंफा. हे सलग तीन रिफलना केलं की बेत जमतो. फिरवलेला भाग दहा-बारा पानांचाच असेल तर उलटी पानंही तेवढीच राहतात, मग "माझ्या कॅटला उलटी पानं आवडत नाहीत" वगैरे सुरू होतं. नीट मिसळलेल्या कॅटमध्ये ७८ पैकी सरासरी ३९ उलटी असतात. मोजल्यावर ३० ते ४८ च्या दरम्यान आकडा आला तर काळजी नको.

आता सगळीच उलटी का येतात? पान उघडायच्या सवयीमुळे. मांडलेलं पान डावीकडून उजवीकडे, वहीचं पान उलटतो तसं उघडलं तर दिशा तीच राहते. वरची कड धरून आपल्याकडे ओढत उघडलं तर डोकं खाली जातं. कॅटमध्ये सगळी सुलटी असली तरी या पद्धतीने प्रत्येक पान उलटं दिसणार. आणखी वाईट म्हणजे काही पानं एका तऱ्हेने आणि काही दुसऱ्या तऱ्हेने उघडणं. मग उलटं पान पिसण्यातून आलं की मनगटातून, ते कोण सांगणार? सगळी पानं बाजूने उघडा, विषय संपला.

तिसरी जागा म्हणजे समोर बसलेली व्यक्ती. तिने पिसून कॅट सरळ पुढे सरकवला, की तिच्या बाजूने सुलटं असलेलं पान वाचणाऱ्याला उलटं दिसतं. कॅटमध्ये उलटी-सुलटी निम्मी-निम्मी मिसळलेली असतील तर फरक पडत नाही. पण ज्यांच्या कॅटमध्ये उलटी मोजकीच असतात, त्यांचा आख्खा कॅट इथे पलटतो. वाचणाऱ्याची बाजू हीच खरी धरायची आणि कॅट हातात घेतल्यावर फिरवायचा नाही, हा नियम बहुतेक जण पाळतात. दुसरा पाळा, पण एकच पाळा.

उलटी वाचतच नसाल तर कापडावर घुसळू नका, त्याने दिशा बिघडते. पानाच्या पाठीवरची नक्षी दोन्हीकडून सारखी नसेल तर पिसताना पाठ बघूनच कुठलं पान उलटं आहे ते कळतं. अशा कॅटला नजर दुसरीकडे ठेवून पिसलेलं बरं.

सारंगखेडा:
घुसळण्याबद्दल. ताईंनी एका वाक्यात उरकलं, पण माझ्या मते सगळ्या पद्धतींत ही सगळ्यात भरवशाची आणि सोपी आहे. कॅसिनोतही नवा कॅट आधी असाच घुसळतात. ना बोटांचं कौशल्य लागतं, ना पानं वाकतात, आणि क्रम व दिशा दोन्ही एकाच वेळी बदलतात.

जागा लागते. ७८ पानं एकमेकांवर न चढवता मांडली तर साडेसहा हजार चौरस सेंटिमीटर होतात, म्हणजे जवळपास अडीच फूट बाय पावणेतीन फूट. एवढं पसरायचं नसतंच, पानं एकमेकांवर आलीच पाहिजेत. अडीच फुटी चौकोनी कापड पुरतं. सतरंजी नको, तिच्या उभ्या-आडव्या धाग्यांत पानाच्या कडा अडकतात. मखमल पानं धरून ठेवते. जाड सुती चादर दुहेरी घडी करून अंथरली की काम भागतं. उघड्या फरशीवर करू नका. आपल्याकडे चैत्र-वैशाखात कितीही पुसा, तासाभरात बारीक धूळ बसते आणि ती पानाच्या पाठीवर ओरखडे काढते. पंखा बंद किंवा एकवर.

पानं पालथी पसरा. दोन्ही तळवे सपाट ठेवा आणि एक हात घड्याळाच्या दिशेने, दुसरा उलट दिशेने फिरवा. दोन्ही हात एकाच दिशेने गेले तर पानं नुसती सरकतात, वळत नाहीत. मधला ढीग बाहेर ढकला, कडेची पानं आत ओढा. इथेच बहुतेकांचं चुकतं: मधलाच ढीग गोल गोल फिरत राहतो आणि कोपऱ्यातली आठ-दहा पानं जागची हलत नाहीत. पूर्ण एक मिनिट करा. दहा सेकंदांचं घुसळणं म्हणजे केल्यासारखं दाखवणं.

गोळा करताना दोन्ही तळव्यांनी बाजूंनी आत ढकलत आणायचं. काही पानं आडवी राहतात. ती सरळ करताना डोकं कुठल्या बाजूला न्यायचं हा निर्णय हाताने घेतला की त्यात आवड-निवड शिरते, विशेषतः पाठीची नक्षी दिशा सांगत असेल तर. सगळी आडवी पानं घड्याळाच्या दिशेनेच सरळ करायची, असं ठरवून टाका. कॅट उभा धरून टेबलावर ठोकू नका, कोपरे पांढरे पडतात. तळव्यांमध्ये हलकेच दाबून सारखा करा.

शून्य ते एकवीस:
सगळं वाचलं. राग मानू नका, पण हे गणितच जास्त झालं. पिसताना प्रश्न मनात धरायचा असतो आणि हात थांबावासा वाटला की थांबायचं. आठ म्हणजे आठ रिफल मोजत बसलं तर लक्ष मोजण्यात जातं. पान उडून पडलं तर ते पडायलाच आलेलं असतं, त्याला परत कॅटमध्ये कोंबणं मला पटत नाही.

भुसावळ जंक्शन:
शून्य ते एकवीस, थांबण्याबद्दल आपलं भांडणच नाही. आधी मोजून मिसळा, मग प्रश्न मनात आणा आणि वाटेल तितकं सावकाश हातावर पिसत राहा. मिसळण्याचं काम आधी झालेलं असलं की शेवटचं पिसणं कुठेही थांबवा, कॅट तयारच असतो. गडबड होते ती उलट केल्यावर, म्हणजे आधीच्या वाचनाचा क्रम तसाच ठेवून सगळा भार "वाटण्यावर" टाकल्यावर.

उडालेल्या पानाचं म्हणाल तर ते घ्या किंवा परत घाला, दोन्ही चालतं. मात्र पिसायला लागण्याआधी ठरवा. पडलेलं पान आवडीचं निघालं तर ठेवायचं आणि टॉवर (संकटाचं मानलं जाणारं पान) निघाला तर "हात घसरला", असं चालत नाही. तीन-चार एकदम पडली तर तो हाताचा दोष धरून सगळी परत घालणं बरं. आणि प्रत्येक फेरीला पानं उडत असतील तर तो कॅट नवीन आणि निसरडा आहे किंवा धरण्याची तऱ्हा सैल आहे. तीन मिनिटांत पाच पानं उडाली आणि पाचही वाचली, तर ते वाचन पिसण्यातून आलेलंच नाही.

अमुक एकच पद्धत शास्त्रशुद्ध असा आग्रहही नको. टॅरो १५ व्या शतकात उत्तर इटलीत खेळायचे पत्ते म्हणून आला. भविष्यासाठी त्याचा वापर रुजला १८ व्या शतकात फ्रान्समध्ये. रायडर नावाचा प्रसिद्ध टॅरो कॅट १९०९ चा, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. तो कॅट तयार करवून घेणारे ए. ई. वेट यांनी दहा पानांच्या मांडणीसाठी एवढंच सांगितलं की पानं पालथी ठेवून पिसा आणि तीनदा काटा. डाव्या हातानेच काटायचं, डावीकडेच ढीग ठेवायचे, या चालीरीती आहेत. पाळायच्या तर जरूर पाळा.

काटण्याने मिसळत मात्र काहीच नाही. कॅट म्हणजे माळ समजा, काटणं म्हणजे तीच माळ दुसऱ्या मण्यापासून मोजायला घेणं. एकदा काटा नाहीतर सातदा काटा, शेजार बदलत नाहीत. तीन ढीग करून वेगळ्या क्रमाने ठेवलेत तरी तुटतात दोन-तीनच सांधे. समोरच्याचा हात लागावा म्हणून काटायला देतात, ते ठीक आहे.

केळीचं पान:
आणि सात ढीग करायची पद्धत? आमच्या ऑनलाइन वर्गात तीच शिकवतात. एकेक पान सात ढिगांत वाटायचं आणि मग ढीग एकावर एक.

अमळनेरकर:
ढीग म्हणजे मोजणी, पिसणं नव्हे. सात ढिगांत ७८ वाटली की पहिल्या ढिगात १२ आणि बाकी सहांत ११-११ पडली पाहिजेत. नाही पडली तर एखादं पान हरवलंय किंवा दोन चिकटून गेलीत. एवढ्यासाठी पद्धत झकास आहे. लागून असलेली पानं तुटतात हेही खरं. पण यात दैवाचा भाग शून्य. आधी एकमेकांपासून सात घरं लांब असलेली पानं आता शेजारी येतात, दर वेळी तशीच.

शंका असेल तर घरी करून बघा. सहा ढिगांत वाटा, १३-१३ पडतील. पहिल्या ढिगावर दुसरा, त्यावर तिसरा, असे क्रमाने रचा. आता तोच कॅट तेरा ढिगांत वाटा आणि तसेच क्रमाने रचा. कॅट उघडून पाहा, मूळ क्रम जसाच्या तसा परत. १५६ वेळा पान टाकलं आणि निष्पत्ती काय, तर घाम.

ढीग एकदाच, सुरुवातीला, मोजणीसाठी. नंतर घुसळा किंवा रिफल करा.

तापीकाठ:
हातातला कॅट कितपत मिसळतोय ते तपासायचं असेल तर सोपी चाचणी आहे. पानं मूळ क्रमाने लावा: मेजर ० ते २१, मग वाँड्स, कप्स, स्वोर्ड्स, पेंटॅकल्स या चार गटांची पानं. नेहमीसारखं पिसा. मग वरून एकेक पान उघडत जा आणि मूळ क्रमातलं पुढचंच पान लगोलग खाली आलं असेल तिथे खूण करा, उदाहरणार्थ कप्सच्या ४ नंतर लगेच कप्सचा ५. चांगल्या मिसळलेल्या ७८ पानांत अशी सरासरी एकच जोडी असते. दोन-तीन आल्या तरी चालतील. चार किंवा जास्त असतील तर पिसणं कमी पडलं समजा. हातावर दोन मिनिटं पिसून ही चाचणी घेतली की आकडा बघून डोळे उघडतात.

सारंगखेडा:
याला जोडून. "कालचंच पान आज पुन्हा आलं" हा पुरावा दर वेळी कच्च्या पिसण्याचा नसतो. अगदी उत्तम मिसळलेल्या कॅटमधून रोज तीन पानं काढली, तर कालच्यापैकी किमान एक आज येण्याची शक्यता सुमारे ११ टक्के आहे. म्हणजे सरासरी नऊ दिवसांत एकदा. दहा पानांच्या दोन मांडण्या पाठोपाठ केल्या तर चारपैकी तीन वेळा एखादं तरी पान सामाईक निघतं. तीन पानांत तिन्ही मेजर मात्र पन्नासात एकदा. ते आठवड्यात दोनदा आलं तर पिसण्याकडे बघा.

नवापूर पॅसेंजर:
व्हिडिओ कॉलवर वाचताना समोरच्याला "थांबा" म्हणायला सांगतात. नेटवर्क आमच्याकडचं. त्याचा "थांबा" दोन सेकंद उशिरा पोचतो, तोवर हात पुढे गेलेला. काय धरायचं?

लळिंगवारा:
पोचेल तेव्हा थांबायचं, मागे जायचं नाही. त्यापेक्षा सोपं असं: पूर्ण पिसून कॅट कॅमेऱ्यासमोर ठेवा, समोरच्याला १ ते ७८ मधला आकडा विचारा आणि तिथून काटा. उशीर होवो नाहीतर कॉल तुटो, आकडा बदलत नाही. फक्त पिसून झाल्यावर विचारा, आधी नाही.

केळीचं पान:
शेवटचं विचारते. मे महिन्यात पानं पापडासारखी वाकतात आणि पावसाळ्यात चिकटतात. नवीन कॅटच्या सोनेरी कडा तर एकमेकींना सोडतच नाहीत.

अमळनेरकर:
जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास गेला की कागदी पान सुकतं आणि बाक धरतं, कारण चित्राच्या आणि पाठीच्या बाजूचा थर अगदी सारखा नसतो. त्यात कूलरच्या झोतात बसून पिसलं की कापलेल्या कडांतून ओल शिरते. एकाच दुपारी दोन्ही झालं तर कॅटचं होडकं होतं. कूलरपासून लांब, झोताच्या बाजूला बसा. बाक आलेला कॅट दोन सपाट जाड पुस्तकांमध्ये रात्रभर दाबून ठेवा. उन्हात किंवा गाडीत ठेवू नका, प्लास्टिकचा थर सुटतो. रिफल करताना दर वेळी कॅट पालथाच न धरता मधूनमधून चित्रं वर करून वाकवला तर बाक एकाच बाजूला बसत नाही. चित्रं दिसतात म्हणून हे फक्त सुरुवातीच्या मिसळणीत करा, शेवटच्या दोन-तीन रिफलना पानं पालथीच.

पीव्हीसीची पानं वाकत नाहीत, घामाने खराबही होत नाहीत. पण कोरड्या हवेत घासून घासून एकमेकांना चिकटतात आणि घुसळताना दोन-दोन जोडीने फिरतात. हात किंचित ओलसर फडक्याला पुसून, कोरडे करून मग पिसा. पावसाळ्यात उलट, कागदी पानांसाठी हात अगदी कोरडे हवेत. टाल्कम पावडर भुरभुरवू नका. मॅट कागदावर ती घामात कालवली जाते आणि राखाडी डाग पडतात. शेव-भाजीनंतर साबणाने हात धुवूनच कॅटला हात लावा, तेलाचा डाग पानाची ओळख ठरतो. पाठीवर डाग पडलेलं पान पिसताना दुरूनही कळतं, मग बोट तिथेच थांबतं किंवा मुद्दाम टाळतं. नव्या कॅटची पूजा करायची तर हळद-कुंकू डबीला लावा, पानांना नको.

सोनेरी कडांच्या नव्या कॅटला एकदम रिफल करू नका. आधी एकेक पान सुटं करून मोजा. पान सोलून काढू नका, बाजूला सरकवून सोडवा, म्हणजे मुलाम्याचे टवके उडत नाहीत. मग दहा-दहाच्या गठ्ठ्यांच्या कडा अंगठ्याने फरफरवा, चारही बाजूंनी. मऊ कोरड्या फडक्याने सुटलेली सोनेरी भुकटी पुसून घ्या, नाहीतर ती चित्रांवर बसते. पहिले काही दिवस फक्त घुसळा. कडा मोकळ्या झाल्या की मग रिफल.

नवापूर पॅसेंजर:
आनि ती भुकटी फुकसन उडाडू नका भो, डोयामा जास.